स्वतंत्र कलावंताचे चाहते होताना: नागपुरातल्या नव्या मंडळींसाठी

ज्याच्यामागे कंपनी नाही, मॅनेजर नाही, जाहिरातीला पैसा नाही, असा गायक गाणं स्वतः लिहितो, स्टुडिओचं भाडं स्वतः भरतो आणि पोस्टरही स्वतःच करतो. त्याचं पुढचं गाणं निघणार की नाही हे बरेचदा तीस-चाळीस माणसांवर ठरतं. पहिल्या महिन्यात शंभर पोस्ट टाकून पुढे गायब होणाऱ्यापेक्षा, वर्षातून दोनदा पैसे देऊन वेळेवर ऐकायला येणारा आणि दहा वर्षं येत राहणारा माणूस त्याला जास्त कामाचा. पुढचं सगळं त्या दुसऱ्या माणसासाठी आहे.

नागपूरचं म्हणाल तर इथे चाहत्यावर दोन कामं येऊन पडतात. पुण्या-मुंबईचा कलावंत आपणहून इकडे क्वचितच येतो. मुंबईहून रेल्वेने साडेआठशे किलोमीटरच्या आसपास अंतर, सोबत साथीदार आणि वाद्यं, म्हणजे मानधन भाड्यातच जातं. त्याला आणावं लागतं. आणि आपल्याकडचे भीमगीतं गाणारे, खंजिरी भजनाची मंडळं, झाडीपट्टीच्या नाटकांतून गाणारे यांची कितीतरी गाणी कुठल्याच ॲपवर नाहीत. ती कॅसेटवर, सीडीवर, पेनड्राइव्हवर आहेत. ती सांभाळावी लागतात.

वही घाला

सुरुवात ऐकण्यापासून. कलावंताचं मिळेल ते सगळं काम जुन्याकडून नव्याकडे, क्रमाने, हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर डग्गा ऐकूच येत नाही.

मग एक दोनशे पानी वही घाला. प्रत्येक कार्यक्रमाची तारीख, ठिकाण, गाण्यांचा क्रम, साथीला कोण होतं, कोणतं कडवं बदललं, गाणं कोणत्या पट्टीत झालं, हे त्याच रात्री लिहायचं. सकाळपर्यंत थांबलात की क्रम हमखास चुकतो. पट्टी कळत नसेल तर हार्मोनियमवाल्या दादांना विचारा, ते आनंदाने सांगतात. ट्यूनरचं ॲप वापरत असाल तर त्यात सी शार्प दिसतं ती हार्मोनियमची काळी एक, डी शार्प काळी दोन, एफ शार्प काळी तीन. पाच वर्षांनी वही चाळली की तेच गाणं काळी चारवरून काळी दोनवर आलेलं दिसतं आणि गाण्याची चाल का सैल झाली ते उमगतं. अशी नोंद खुद्द कलावंताकडेही बहुधा नसते. वहीचा आणखी एक मोठा उपयोग आहे, तो कॅसेटींच्या वेळी सांगू.

पैसे कुठून पोचतात

कलावंत थेट यूपीआयने पैसे घेऊन गाण्यांची लिंक पाठवत असेल तर तोच रस्ता पकडा, मधे कुणी खात नाही. बँडकॅम्प या गाणी विकण्याच्या परदेशी संकेतस्थळावर डिजिटल विक्रीतले १५ टक्के आणि वस्तूंच्या विक्रीतले १० टक्के बँडकॅम्प ठेवतं, पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. ठरावीक शुक्रवारी बँडकॅम्प स्वतःचा वाटा सोडतं. ही पद्धत मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तारखा आधी जाहीर होतात, अल्बम त्या दिवशी घ्या. तिथे पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका. आपल्याकडे नव्या कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. खरेदी झाल्यावर फ्लॅक फाइल (आवाजातलं काहीही न गाळता साठवलेली) उतरवून घ्या. एमपीथ्री हवी तेव्हा फ्लॅकपासून करता येते, उलटं करून काही हाती लागत नाही, नुसती फाइल फुगते.

स्पॉटिफायचा एक नियम माहीत असलाच पाहिजे. २०२४ पासून, मागच्या १२ महिन्यांत एखादं गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याच्या रेकॉर्डिंगचे पैसे निघतच नाहीत. म्हणून कमी ऐकल्या गेलेल्या जुन्या गाण्यांकडेही वळा. पण रात्रभर आवाज बंद करून तेच गाणं फिरवत ठेवायचा उद्योग करू नका. खोटं ऐकणं पकडलं गेलं की ते आकडे वजा होतात, वितरकाला (कलावंताचं गाणं ॲपवर चढवणाऱ्या कंपनीला) दंड लागतो आणि वितरक तो कलावंताकडून वसूल करू शकतो. चाहत्याच्या हौसेपायी कलावंताला भुर्दंड, असं होऊ नये. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तास बघणं लागतं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सची एक कोटी दर्शनं). तेव्हा गाणं शेवटपर्यंत ऐका.

घरची बैठक

पैसा, ओळख आणि नवे श्रोते एकाच संध्याकाळी मिळवून देणारी दुसरी गोष्ट नाही, म्हणून याबद्दल सविस्तर.

नवी मंडळी पहिली चूक करतात ती जागेची. रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात सुमारे दोन हजार खुर्च्या आहेत. तिथे चाळीस माणसं बसली की गाणाऱ्याचा जीव पहिल्याच गाण्यात दडपतो. पहिल्या दोन-तीन बैठका घरीच करा. माणसं दारात उभी राहायला लागली की मग लक्ष्मीनगरचं सायंटिफिक किंवा शंकरनगरचं साई सभागृह बघा.

खोली मोजा. १२ बाय २० फुटांचा हॉल म्हणजे २४० चौरस फूट. गाणारे, साथीदार आणि साऊंडचं सामान यांना ६ बाय ८ ची जागा सोडा. उरले १९० चौरस फूट. सतरंजीवर मांडी घालून बसणाऱ्याला ६ चौरस फूट धरले तर तीस माणसं. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी मागच्या भिंतीलगत चार-पाच खुर्च्या ठेवा, म्हणजे अठ्ठावीस. एवढ्यांनाच बोलवा.

तारीख नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची घ्या. त्यातही डिसेंबरमधलं हिवाळी अधिवेशन टाळा, त्या दिवसांत खोल्याही मिळत नाहीत आणि गाड्यांची आरक्षणंही. जवळ मंगल कार्यालय असेल तर दिनदर्शिकेत लग्नाचा मुहूर्त बघा. वरातीचा डीजे गल्लीतून जाताना अर्धा तास गाणं थांबवावं लागतं. पुढे बोर्डाच्या परीक्षा, आणि एप्रिल-मेमध्ये कूलर. कूलरच्या घरघरीत गायकाचा खालचा स्वर पार बुडतो. उन्हाळ्यातच करायची वेळ आली तर दुपारपासून पडदे ओढून खोली गार करा, गाणं सुरू होताना कूलर बंद आणि दर वीस मिनिटांनी पाच मिनिटं चालू. कलावंताला हे आधी सांगा, म्हणजे तो त्या बेताने गाणी बसवतो.

कलावंताला किमान तीन महिने आधी विचारा. कारण साधं आहे, रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि त्याच दिवशी विदर्भ, सेवाग्राम किंवा दुरांतोची तिकिटं काढायची असतात. तत्काळवर बैठक ठरवू नये. निरोप असा असावा:

‘नमस्कार ताई. नागपुरातले आम्ही अकरा जण तुमची गाणी ऐकतो. जानेवारीतल्या तिसऱ्या शनिवारी घरगुती बैठक करायचा विचार आहे. हॉलमध्ये २८ माणसं बसतात. दोन माईक आणि एक स्पीकर असेल. तुमचं आणि एका साथीदाराचं येण्याजाण्याचं भाडं आणि राहण्याची स्वतंत्र खोली आमच्याकडे. मानधन किमान ८,००० रुपये, माणसं कमी आली तरी. कार्यक्रम साडेसहा ते साडेआठ. जमत नसेल तरी मोकळेपणाने कळवा, पुढच्या वर्षी विचारू.’

यात आकडे आहेत, वेळ आहे आणि नकाराला वाट आहे. ‘एकदा या ना आमच्याकडे, खूप मजा येईल’ अशा निरोपाला कलावंत उत्तर तरी काय देणार?

हिशेब पाहा. माणशी ३०० रुपये आणि २८ जण, झाले ८,४००. भाडं आणि साऊंड यातूनच काढलंत तर गाणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून भरवणाऱ्या सात-आठ जणांनी प्रवास, साऊंड आणि जेवण आपसात वाटून घ्यायचं आणि पाहुण्यांकडून जमलेले सगळे पैसे कलावंताला द्यायचे. पैसे आठ दिवस आधी घ्या. ‘दारात देतो’ म्हणणाऱ्यांतले निम्मे येत नाहीत. कुणाकडून किती आले, कुठे गेले, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून दुसऱ्या दिवशी गटात टाका. मंडळं फुटतात ती बहुतेक हिशेबावरूनच.

सोसायटीच्या अध्यक्षांना आणि वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना आठवडाभर आधी सांगा, दोघा-तिघांना बोलवाच. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हा नियम उघड्या जागेला आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादाही आहे. गच्चीवर करायचं असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी आधी घ्या. त्यातून जानेवारीत नागपूरची गच्ची आठनंतर इतकी गारठते की बोटं वळत नाहीत. हॉलच बरा.

आता आवाज. तीस माणसांना एक आठ किंवा दहा इंची पॉवर्ड स्पीकर, चार चॅनेलचा मिक्सर, गाण्यासाठी एक आणि तालवाद्यासाठी एक असे दोन डायनॅमिक माईक, गिटार असेल तर ती मिक्सरला जोडायला एक डीआय बॉक्स, दोन स्टँड आणि पाच-पाच मीटरच्या तीन केबली पुरतात. साऊंडवाले दादा दोन मोठे टॉप आणि बेस घेऊन यायला निघाले तर प्रेमाने अडवा.

स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून, कानाच्या उंचीपेक्षा थोडा वर. स्पीकर माईकच्या मागे गेला की त्याचाच आवाज माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. शिट्टी आली की आधी आवाज थोडा उतरवा, मग स्पीकर हलवा. सगळं सामान एकाच बोर्डावरून घ्या. मिक्सर एका खोलीतल्या आणि स्पीकर दुसऱ्या खोलीतल्या प्लगवर असला की अर्थिंगच्या फरकाने ‘हूं’ असा सतत आवाज येतो. फ्रिज आणि कूलर त्या बोर्डावर नकोत. इन्व्हर्टरवर गेल्यावर हूं वाढत असेल तर तो बहुधा स्क्वेअर वेव्हचा आहे, तेव्हा वीज गेली तर दोन गाणी माईकशिवाय ऐकायची तयारी ठेवा.

हॉलच्या समोरासमोरच्या भिंती उघड्या असतील तर टाळी वाजवून बघा, टणटण असा पडसाद येईल. एका भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगा आणि खाली सतरंजीवर गाद्या घाला, पडसाद निम्म्यावर येतो. माणसं बसली की उरलेला जातो, म्हणून रिकाम्या खोलीतल्या तपासणीत आवाज थोडा चरचरीत वाटला तरी तिथेच ठेवा.

वाद्यांना हवा बाधते. मुंबईच्या दमट हवेतून आलेला तबला आपल्या कोरड्या हिवाळ्यात चढतो आणि गिटारच्या तारा उतरत-चढत राहतात. वाद्यं तीन तास आधी त्याच हॉलमध्ये, पिशव्या उघडून, उन्हापासून लांब ठेवा. गाडीच्या डिकीत तर एक क्षण नको.

जेवणाचं आपल्याकडे फार प्रेमाने चुकतं. पाहुणा आला की थेट सावजी! त्या तिखट-तेलाने जळजळ होते, आंबट ढेकर येतात आणि वरचा स्वर लागत नाही. दुपारी वरण-भात, भाकरी, साधी भाजी, तेही गाण्याच्या तीन तास आधी. प्यायला साधं किंवा कोमट पाणी. सावजी रात्री गाणं झाल्यावर आणि सकाळी तर्री-पोहे. संत्रा बर्फी डब्यात बांधून द्या.

त्या दिवशी साडेचारला साऊंड लागलेला हवा, पाच ते पावणेसहा तपासणी, सव्वासहाला दार उघडायचं आणि साडेसहाला पहिलं गाणं. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबू नका, वेळेवर आलेल्यांवर तो अन्याय आहे. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद. कुकर सहाच्या आत उतरवायचा, शेजारच्या काकूंनाही सांगून ठेवा. हळव्या गाण्याच्या मधोमध तीन शिट्ट्या झाल्या की ते गाणं परत उभं राहत नाही. चहा फक्त मध्यंतरात, तोही कागदी कपांत, कारण स्टीलचे पेले वाजतात. मानधनाचं पाकीट जेवणाआधी, एकट्यात, हातात द्या. सगळ्यांसमोर नाही आणि स्टेशनवर तर नाहीच.

जवळीक किती

दोन-तीन बैठका झाल्या की ओळख होते आणि इथेच नवे चाहते घसरतात. स्वतःच्या कविता ‘चाल लावा’ म्हणून पाठवणं, रात्री अकराला फोन, भावाच्या लग्नात फुकट गाण्याची गळ, न आलेलं गाणं स्टेटसला टाकणं, हे सगळं टाळा. मोबाइलवर चित्रित करायचं तर विचारून, एका गाण्याचे ३०-४० सेकंद, आणि कलावंताचं नाव नीट लिहून.

दहा-पंधरा वर्षांत कलावंत बदलतोच. ढोलकी जाऊन सिंथेसायझर येतो, विषय बदलतात. नवा अल्बम नाही आवडला तर तो विकत घ्या, दोनदा ऐका आणि गप्प बसा. वर्षभराने तिसऱ्यांदा ऐका. नव्या गाण्यांच्या मधे ‘ते जुनं म्हणा ना’ असं ओरडून सांगणं हा गाणाऱ्याचा अपमान आहे.

बैठक रेकॉर्ड करताना

परवानगी आधी, लेखी, आणि ‘तुमच्या संग्रहासाठी, कुठेही टाकणार नाही’ हे स्पष्ट लिहून. मोबाइलवर करणार असाल तर विमान मोड चालू करा, नाहीतर फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं. मोबाइलची खरी गोची वेगळी आहे. बोलणं टिपायचं ॲप सततच्या आवाजाला गोंगाट समजून दाबायला जातं, त्यामुळे तानपुरा गायब होतो आणि हार्मोनियमचा लांब सूर विरत जातो. आवाज शुद्ध करणं आणि आपोआप कमी-जास्त करणं बंद करता येईल असंच ॲप घ्या. हातातला छोटा रेकॉर्डर मिळाला तर सर्वांत बरं.

रेकॉर्डर गाणाऱ्यासमोर दोन ते तीन मीटरवर, स्टँडवर, बसलेल्यांच्या डोक्यापेक्षा वर. जमिनीवर ठेवलात तर मांड्या सरकण्याचा आवाजच जास्त येईल. जोरात टाळ्या देणारे काका त्याच्या शेजारी नकोत. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, तासाला सुमारे १ जीबी लागते. तपासणीत सगळ्यात मोठ्या ओळीला काटा उणे १२ डेसिबलवर राहील असं बघा. प्रत्यक्षात गाणारा रंगला की आवाज चढतोच. फाटलेला आवाज नंतर कशानेही शिवता येत नाही.

फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, मग नागपूर, मग गाण्याचा क्रमांक. या क्रमाने नावं दिली की फाइली आपोआप तारखेवार लागतात. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. एक प्रत कलावंताला पेनड्राइव्हवर, गाडी सुटण्याआधी.

जुन्या कॅसेटी

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या जोडीने गाण्यांचेही स्टॉल लागतात. जुनं काही दिसलं तर घ्या आणि विकणाऱ्याला गायकाचं गाव विचारून वहीत लिहा.

कॅसेट हातात आली की लगेच वाजवू नका. आधी मागच्या कडेवरचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. खिडकीतून बघा. फितीच्या कडेला पांढरी बुरशी असेल तर ती कॅसेट वेगळी ठेवा, एकीची बुरशी यंत्रातून पुढच्या दहांना लागते. फितीमागची छोटी मऊ गादी गळून पडली असेल तर आवाज येतो-जातो. दुसऱ्या रिकाम्या कॅसेटचं कवच उघडून फीत त्यात बसवता येते. मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेली फीत चिकटते, फिरवल्याने सैल होते.

यंत्राचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसाने पुसा आणि रबरी रोलर हलक्या ओल्या कापडाने. दर तीन-चार कॅसेटींनंतर पुन्हा. यंत्राच्या लाइन आउटमधून तार काढून यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डबीच्या) लाइन इनमध्ये द्या. लॅपटॉपच्या माईकच्या भोकात घातलीत तर आवाज फाटतो आणि बहुधा एकाच बाजूचा येतो. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटत असेल तर आधी यंत्रावरचं डॉल्बी (खरखर दाबण्याची सोय) बंद आहे ना ते बघा. कॅसेटवर लिहिलेलं नसेल तर डॉल्बी बंदच ठेवायचं. तरीही घोंगडी असेल तर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी हळू फिरवत टाळ-झांज सर्वांत स्वच्छ वाजेल तिथे थांबा.

आता वहीचा तो उपयोग. गल्लीतल्या यंत्रांवर नकललेल्या कॅसेटी पुष्कळदा वेगाने किंवा सावकाश चालतात. हार्मोनियम काळी एक आणि पांढरी दोन यांच्या अधेमधे लागत असेल तर वेग चुकल्याची शक्यता मोठी. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अर्धं अंतर म्हणजे वेगात जवळपास तीन टक्क्यांचा फरक. वहीत त्या गायकाची त्या काळातली पट्टी लिहिलेली असेल तर वेग कोणत्या बाजूने सुधारायचा ते नक्की कळतं. नसेल तर गायकालाच, नाहीतर त्यांच्या साथीदाराला विचारा.

मूळ उतरवलेली फाइल तशीच ठेवा, खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीवर. खरखर फार काढली की गायकाचा श्वासही जातो. सी-६० ची एक बाजू ३० मिनिटं, सी-९० ची ४५, तेव्हा मधे उठून जाऊ नका, फीत अडकली तर लगेच थांबवता आली पाहिजे. कॅसेटी उभ्या, सावलीत, लोखंडी कपाटाच्या तळाशी ठेवा. मे महिन्यात बंद गाडीत राहिलेली कॅसेट दुपारभरात वाकते.

कुठेही टाकण्याआधी गायकाला किंवा त्यांच्या घरच्यांना विचारा. ‘नको’ म्हणाले तर नको. मूळ कॅसेट त्यांच्याकडची असेल तर फाइलींच्या पेनड्राइव्हसोबत परत करा. डबीतली हाताने लिहिलेली चिठ्ठी साफसूफ करताना फेकू नका. तिचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या आणि ते अक्षर कुणाचं हे घरातल्या मोठ्या माणसाला विचारून वहीत लिहून ठेवा.